नववी ब आणि मंडळी

दसरा झाला की मी फ्रिजच्या दारावर दिवाळीची यादी लावते. माळे झाडणे. पडदे धुणे, तेही टँकर येणार असेल त्याच दिवशी. भाजणी दळून आणणे. कंदिलाची वायर तपासणे. झालेल्या कामावर रेघ मारायची आणि पुढे जायचं, ही माझी पद्धत. शेवटची ओळ मात्र दरवर्षी तीच असते: पाडव्याला पहाटे दाराशी रिकामी वाटी आणि सुटे पैसे.

सुनेनं तिच्या पहिल्या दिवाळीत विचारलं, "आई, ही वाटी कशाला?"

"मिठासाठी."

"आपल्याकडचं संपलंय का?"

"डबा भरलेला आहे. पण पाडव्याला विकत घ्यायचं असतं."

"बरं," ती म्हणाली. नव्या सुना पहिल्या वर्षी सगळ्यालाच बरं म्हणतात. यंदा मात्र यादी लावताना ती हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "आता सांगाच." म्हणून हे लिहायला बसले.

ऑक्टोबर सरताना भाईंदरची हवा एका संध्याकाळी अचानक बदलते. दिवसभर भिंती तापलेल्या असतात, आणि दिवे लागायच्या सुमारास खाडीवरून कोरडा वारा सुटतो. त्याला चिखलाचा वास असतो, पलीकडच्या गावांत वाळत घातलेल्या बोंबलांचा असतो, आणि पूर्वेकडच्या आमच्या जेसल पार्कच्या प्रत्येक मजल्यावरून त्यात चिवड्याच्या फोडणीची भर पडते. मला या वाऱ्यात आणखी एक वास येतो: खळीचा. शिजवलेल्या मैद्याच्या, बोटांना चिकटलेल्या खळीचा. तो घरात कुठेच नसतो. तो एका शाळेच्या व्हरांड्यातला आहे.

तेव्हा मोबाइलला बटणं होती आणि आमच्या बिल्डिंगीत अर्ध्या जागा अजून रिकाम्या होत्या. मी अंधेरीला एका विमा कंपनीच्या ऑफिसात होते. एके दिवशी टेबलाटेबलावरून एक पत्रक फिरलं: शनिवारी दोन तास शाळेत जाऊन मुलांना उद्योग आणि अर्थकारण शिकवायला कोण तयार आहे? लोकांनी ते चहाच्या कपाखालून पुढे सरकवलं. मी नाव लिहिलं. यात समाजसेवेचा उमाळा फारसा नव्हता. शाळांच्या यादीत भाईंदर पश्चिमेची एक मराठी शाळा होती आणि शनिवारी मला त्या बाजूच्या बाजारात जायचंच असायचं. एका फेरीत दोन कामं.

कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेनं एक पेटी दिली. तिच्यात रंगीत तक्ते होते आणि एक पुस्तिका. पुस्तिकेच्या चित्रात गोरीगोमटी मुलं अंगणात टेबल मांडून लिंबाचं सरबत विकत होती. मी पुस्तिका पिशवीतच ठेवली आणि नववी ब ला विचारलं, "मेथीची जुडी सकाळी महाग आणि दुपारी स्वस्त का होते?"

वर्गभर हात वर. "मॅडम, कोमेजते!" "मॅडम, तिला घरी जायचं असतं!" "मॅडम, माझी आई मुद्दाम दुपारीच जाते!" मागणी, पुरवठा, नाशवंत माल, सगळं पाच मिनिटांत फळ्यावर आलं. आम्हाला हे कॉलेजात कळलं होतं, तेही परीक्षेपुरतं. आजही बाजारात दुपारी भाजी घेताना मला तो वर्ग ऐकू येतो आणि मी घासाघीस जरा कमी करते.

कार्यक्रमाचा गाभा असा होता की वर्गानं खरोखरची कंपनी काढायची. छोटे शेअर विकून भांडवल उभं करायचं, पदाधिकारी निवडायचे, एक वस्तू बनवायची, विकायची, भागधारकांना त्यांचा वाटा द्यायचा. शेवटचं कलम होतं, कंपनी रीतसर बंद करणे. मी ही सगळी कलमं वहीत उतरवली आणि प्रत्येकासमोर एक चौकोन काढला.

नाव मंदारनं सुचवलं. मंदार म्हणजे वर्गाचा टवाळ. वडील लालबागहून इथे राहायला आलेले, आणि "आम्ही मूळचे मुंबईचे" हे तो भेटेल त्याला सांगायचा. "मॅडम, किराणा दुकानांवर असतं ना, अमुक आणि मंडळी? तसं ठेवू. नववी ब आणि मंडळी." वर्ग हसला आणि नाव ठरलं.

पदाधिकारी निवडताना मी चिठ्ठ्या टाकायला लावल्या. चिठ्ठ्या उघडल्या तर व्यवस्थापकीय संचालक म्हणून जवळजवळ सगळ्यांवर एकच नाव. प्रणाली. मागच्या बाकांवरून खसखस आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही थट्टा आहे. प्रणाली खिडकीजवळ बसायची. राई गावची. वर्गात ती कधीच बोलत नसे, कारण तोंड उघडलं की हाय आणि न्हाय यायचं, आणि ते आलं की मागून कोणीतरी हेल काढून तेच म्हणायचं. सगळ्यात आधी मंदार.

"एमडी मॅडम, दोन शब्द बोला!" तो ओरडला.

प्रणाली उभी राहिली, फळ्याकडे बघत राहिली आणि खाली बसली.

मला वाटलं होतं, ती पद नाकारेल. पण नियम म्हणजे नियम. निवडून आलेल्या माणसानं काम करायचं, असं मी सांगितलं आणि चौकोनात खूण केली.

मधल्या सुट्टीत त्यांच्या वर्गशिक्षिका सावंत बाईंनी मला चहा दिला. सावंत बाई रत्नागिरीकडच्या, बोलायला सडेतोड. "अहो मॅडम, तुमची ती एमडी दिवाळीपर्यंतच हां."

"म्हणजे?"

"दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या एकदोन मुली गळतात. सुट्टी लागते, मुली घरी जातात, त्या परत येतच नाहीत. हिची मोठी बहीण अशीच नववीत थांबली. स्टीलच्या कारखान्यात डबे पुसायला जाते. घरचे वाईट नाहीत हो. बाप सांगतो, 'शाळेत जा'. ही म्हणते, 'कशाला?' आणि त्या कशालाचं उत्तर त्याच्याकडे नाही." बाईंनी कप विसळून पालथा घातला. "माझ्याकडे तरी कुठे आहे!"

त्या दिवसापासून माझ्या वहीत एक काम वाढलं. ते मी लिहिलं नाही. चौकोन कसा काढायचा तेच कळेना.

आम्ही कंदील करायचं ठरवलं. व्हरांड्यात कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि खळीचे डबे मांडले गेले. तो महिना मला रंगांनीच आठवतो. गुलाबी बोटं, हिरवी कोपरं, कुणाच्या कपाळाला चिकटलेली जांभळी चकती. करंज्या करतात तशी मुलं ओळीनं बसायची आणि काम चालायचं. एकानं कामट्या बांधायच्या, दुसऱ्यानं कागद लावायचा, तिसऱ्यानं झिरमिळ्या, अशी कामाची विभागणी मी तक्त्यावर लावली होती. दोन दिवसांत ती विभागणी कोसळली. प्रत्येकाला स्वतःचा कंदील स्वतःच पुरा करायचा होता. "मॅडम, झिरमिळ्या तिनं लावल्या तर तो माझा कसा?" या प्रश्नाला अर्थशास्त्रात उत्तर आहे, पण नववी ब मध्ये नव्हतं. कंदील सुंदर झाले. शेवटचं चिकटकाम राहिलं होतं म्हणून मुलांनी ते घरी नेले. विक्री धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, शाळेच्या फाटकाशी.

मी सकाळीच पोचले. टेबल, चादर, दरपत्रक, सुटे पैसे, सगळं तयार. टेबलामागे प्रणाली उभी, दोन घट्ट वेण्या घालून. टेबलावर तीन कंदील. त्यातला एक चेपलेला.

"बाकीचे?"

एकेक भागधारक येऊन उभा राहायला लागला, रिकाम्या हातानं.

"मॅडम, आजोबांनी गॅलरीत लावला. म्हणाले, नातवानं केलेला कंदील असताना विकायचा कशाला?"

"मॅडम, बाबांनी आत बल्बपण सोडला."

"आईनं शेजाऱ्यांना बोलवून दाखवला. आता काढला तर बरं दिसेल का?"

आपल्याकडे घरच्या पोरानं केलेला कंदील म्हणजे काय, हे त्या पुस्तिकेला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तयार मालासकट अख्खी कंपनी चाळीचाळींच्या आणि इमारतींच्या गॅलऱ्यांत उजळून लटकत होती. मी कपाळाला हात लावला. मंदार म्हणाला, "मॅडम, माल तर संपला. पैसे तेवढे आले नाहीत."

"तुझा कुठे आहे?"

"आमच्याकडे लावलाय ना!"

सगळे हसले, मीही हसले. प्रणाली हसली नाही. चादरीची घडी घालताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, माझा पण लावलाय. मी दिवाळीनंतर न्हाय येणार."

"एवढ्यासाठी?"

"यासाठी न्हाय. आधीच ठरलेलं." चादर माझ्या हातात देत ती म्हणाली, "मना कोण बोलतं इथं? मी हाय काय आणि न्हाय काय."

शाळेला सुट्टी लागली होती. बाजारात जायचं राहिलं आणि मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले. जिन्यात हंसाबेन भेटल्या. त्या समोरच्या दारातल्या, मूळच्या सौराष्ट्राच्या. दारात तोरण बांधता बांधता कुरकुरत होत्या.

"क्या दिवाली इधर, ताई! हमारे गाम में बेसता वरस की सुबह, अंधेरे में, छोकरे लोग आते थे. 'सबरस, सबरस' चिल्लाते. मीठु लेके. साल का पहला सौदा मीठु का. इधर कोई आताच नहीं. मैं खुद रसोई से पुडा उठाती और खुद को बोलती, लो हंसा, सबरस आया!"

बेसतं वरस म्हणजे त्यांचं नववर्ष, आपला पाडवा. मीठु म्हणजे मीठ. मी पायरीवर उभी राहिले. "कितने का देते थे?"

"अरे, शगुन का भाव थोडी पूछते हैं! जो देना है, देने का."

खाडीवरून वारा आला. त्याच खाडीकाठी पश्चिमेला राईची मिठागरं, आणि प्रणालीचे वडील तिथेच कामाला. मी घरात शिरले, पिशवी ठेवली आणि सावंत बाईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी नववी ब ची तातडीची सभा राईला भरली, प्रणालीच्या अंगणात. शाळेपासून ते गाव कितीसं लांब! पण आमच्या मुलांतल्या बहुतेकांनी ते बसच्या पाटीवरच वाचलं होतं. अंगणापलीकडे मिठाच्या राशी, गवतानं शाकारलेल्या, घरांच्या छपरांसारख्या दिसणाऱ्या. प्रणालीच्या वडिलांनी एका राशीचं गवत बाजूला केलं आणि आतून पांढरं फटक ऊन बाहेर आल्यासारखं वाटलं. मंदारनं खडा उचलून जिभेवर ठेवला.

"काय रे, कसं लागतंय?" सावंत बाईंनी विचारलं.

"खारट, बाई."

"मग काय जिलबी लागणार होती?" प्रणालीची आई म्हणाली आणि तिनं त्याच्या हातावर करंजी ठेवली. दारात कंदील हलत होता, पिवळा, लांब झिरमिळ्यांचा. मंदार त्याच्याकडे बघत राहिला. "हा तुझा? माझ्यापेक्षा भारी झालाय." प्रणालीनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. पण यात थट्टा नव्हती.

आगरातलं जाडं मीठ उन्हात पसरून सुकवलं. उरलेल्या पतंगी कागदाच्या पुड्या करायच्या ठरल्या. पहिल्याच पुडीला ओल सुटली आणि मीठ गुलाबी झालं. मग आत छोटी प्लास्टिकची पिशवी, वर कागद, आणि दोऱ्याची गाठ. त्या दुपारी कामाची विभागणी बिनबोभाट झाली. मिठाच्या पुडीवर कुणाचा जीव जडत नाही.

आता मागे वळून पाहताना मला त्या पुडीचं अर्थकारण गमतीचं वाटतं. पेटीतला एक तक्ता सांगत होता की किंमत म्हणजे खर्च अधिक नफा. आमच्याकडे मात्र असा माल होता की ज्याचा भाव सांगायचाच नव्हता. आयुष्यात पुढे मी पुष्कळ दरपत्रकं केली. भाव न सांगता उभं राहायला जास्त धीर लागतो, हे तिथे कळलं.

पाडव्याच्या पहाटे पोरं रेल्वेचा पूल ओलांडून जेसल पार्कात आली. कुणी स्वेटर घातलेला, कुणी झोपाळलेलं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी मी आधीच काढून ठेवली होती. जिन्यात फटाक्यांच्या धुराचा वास आणि दारादारांत रांगोळ्या. मंदार पहिल्या दारासमोर उभा राहिला आणि पुटपुटला, "सबरस."

"कुणाला सांगतोयस, दाराला?" त्याच्याबरोबर आलेली त्याची बहीण म्हणाली.

"मग तू ओरड ना! लाज वाटते यार. भीक मागतोय असं वाटतं."

सगळे थबकले. त्या पोरांची टेबलामागे उभं राहायची तयारी होती, दारासमोर उभं राहायची नव्हती. मी पुढे होणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सबरसऽऽ! सबरस घ्याऽऽ!"

तो जिन्यातून वर गेला, गच्चीच्या दाराला लागला आणि परत आला. सुकट घेऊन आईबरोबर सुट्टीत दारोदार फिरलेल्या प्रणालीचा आवाज. लांबवलेला, खणखणीत, कुणाची परवानगी न मागणारा. वरच्या मजल्यावर कडी वाजली. मग आणखी एक. हंसाबेन नव्या साडीत, ओल्या केसांनी धावतच बाहेर आल्या. "अरे, आया! सबरस आया!" त्यांनी पुडी घेतली, डोळ्यांना लावली, प्रणालीच्या हातावर पैसे ठेवले आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "मेरी बोहनी तेरे हाथ की, बेटा. साल अच्छा जाएगा."

"काय आवाज आहे गं तुझा!" मंदार म्हणाला.

"आवाज हायच," प्रणाली म्हणाली. "वर्गात कामाला न्हाय आला."

मग सगळेच ओरडायला लागले. जेसल पार्क झालं, पोरं पुढच्या इंद्रलोक वसाहतीपर्यंत गेली. मंदार तिच्यामागे पिशवी धरून फिरत होता आणि सारखा म्हणत होता, "एमडीनं जिने चढायचे नसतात. तू खाली उभी राहा, आम्ही जातो." तिनं ऐकलं नाही. ऊन वर यायच्या आत पुड्या संपल्या आणि शेवटची पिशवी झटकून मंदारनं मीठ आपल्याच डोक्यावर सांडून घेतलं.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. शाळा उघडली आणि पहिल्या शनिवारी खिडकीजवळची जागा रिकामी होती. सावंत बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. आठवडाभर आलीच नव्हती.

मी वही उघडली. भागधारकांना वाटा द्यायचा होता, हिशेब वाचायचा होता, कंपनी बंद करायची होती. "सभा सुरू करू," मी म्हटलं.

"नाही होणार," मंदार उभा राहिला. "अध्यक्षस्थानी एमडी पाहिजे. तुम्हीच शिकवलंय. एमडीशिवाय सभा होत नाही."

"अरे, पण ती..."

"मग नोटीस काढा. नियम म्हणजे नियम."

वर्गात कुणीही हसलं नाही. मुलांनी वहीचं पान फाडून तिथेच मजकूर लिहिला. माननीय व्यवस्थापकीय संचालक, आपल्या अनुपस्थितीमुळे सभा तहकूब करण्यात आली आहे, पुढील सभेस हजर राहावे. खाली साऱ्या वर्गाच्या सह्या. मंदार आणि दोन मुली सायकलवरून राईला गेले. मंदारनं नंतर सांगितलं की तिच्या वडिलांनी तो कागद दोनदा वाचला, लेकीच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाले, "तुना बोलावलाय त्यांनी. जा."

पुढच्या शनिवारी ती आली. गणवेशात, दोन घट्ट वेण्या. खुर्चीवर बसली. हिशेब वाचला, वाटा दिला, सगळं रीतसर. मी शेवटच्या कलमावर आले. "आता कंपनी बंद करण्याचा ठराव."

मंदारनं हात वर केला. "ठराव पुढच्या सभेवर ढकलावा."

"का रे?"

"असंच. चर्चा करायचीय."

"अनुमोदन," मागून आवाज आला. मी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष खाली मान घालून हसत होत्या.

पुढच्या शनिवारीही ठराव पुढे ढकलला गेला, त्याच्या पुढच्याही. मला लक्षात यायला दोनतीन सभा लागल्या. कंपनी चालू आहे तोवर सभा आहे आणि सभा आहे तोवर एमडीला यावंच लागणार. माझा कार्यक्रम केव्हाच संपला होता, पेटी संस्थेला परत गेली होती. मी तरी शनिवारी जात राहिले. बाजारात जायचंच असायचं. नववी ब ची दहावी ब झाली, आणि परीक्षेआधीच्या शेवटच्या सभेतही मंदारनं हात वर केला. तोवर प्रणाली वर्गात पुष्कळ बोलायला लागली होती. हाय आणि न्हाय तसेच होते. मागून हेल येत नव्हते.

दहावीनंतर ती कॉमर्सला गेली. आता मिरा रोडला एका ऑफिसात हिशेब बघते आणि माझ्याच पद्धतीनं चालते. कधी बाजारात भेटलो तर दोघींच्याही पिशवीतून यादी डोकावत असते.

गेल्या पाडव्याला पहाटे मी उठले, वाटी ठेवली. हंसाबेन आता काठी घेऊन चालतात, पण त्यांच्याही दाराची कडी आधीच काढलेली होती. सुनेचं दार किलकिलं झालं. खालून आवाज वर चढला, लांबवलेला, पण बारीक. दार उघडलं तर परकरातली एक चिमुरडी, हातात पतंगी कागदाच्या पुड्या.

"सबरस घ्या. आत्यानं सांगलाय, पैला दरवाजा तुमचा."

"आत्या कुठे आहे?"

"खाली रिक्षात बसलीय. ती जिने न्हाय चढत. बोलते, मी एमडी हाय."

मी गॅलरीत गेले. कंदिलाच्या उजेडात खाली रिक्षा दिसली, आणि तिच्यातून वर वळलेला चेहरा. "मॅडम, बोहनी झाली काय?" त्याच आवाजानं अख्ख्या सोसायटीला जाग आली असणार.

"झाली!" मीही ओरडले.

यंदाची यादी फ्रिजवर लावून झाली आहे. माळे, पडदे, भाजणी, वायर. जुनी वही मात्र कपाटात आहे. तिच्यातल्या सगळ्या चौकोनांत खुणा आहेत, शेवटचा सोडून. कंपनी रीतसर बंद करणे. मला एरवी अर्धवट राहिलेलं काम डोळ्यांसमोर सहन होत नाही. हे एवढं मात्र सहन होतं.